कुत्र्याचं फोटोसेशन: कॅमेऱ्यासमोर नेण्याआधीची तयारी

फोटोग्राफर ठरला, तारीख ठरली की बहुतेक घरांतून पुढचा फोन ग्रूमरला जातो. अंघोळ, केस, नखं, गळ्यात नवा बंदाना. हे सगळं करायचंच आहे, पण फोटो चांगला येणार की नाही हे त्यावर ठरत नाही. ते ठरतं कुत्र्याच्या कानांवर, डोळ्यांवर आणि तोंडावर. घाबरलेल्या कुत्र्याचे कान मागे चिकटतात, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो, जबडा घट्ट मिटतो. असा चेहरा कितीही महागड्या लाइटखाली अवघडलेलाच दिसतो.

सेशनच्या वेळी कुत्र्याला हाताळायचं काम मी करते. पुण्यात बरंचसं, अधूनमधून मुंबईत. पहिल्यांदाच सेशन करणाऱ्या घरच्यांना मी आधी एवढंच सांगते की सजवण्याच्या आधी त्याला निर्धास्त करा. ते एका दिवसात होत नाही. हाताशी दोन-तीन आठवडे ठेवूनच तारीख घ्या.

तारीख घेताना काय विचारायचं

फोटोग्राफरने आधी कुत्र्यांचं काम केलंय का, हा पहिला प्रश्न. लग्नाचे उत्तम फोटो काढणारा माणूस कुत्र्यासमोर गोंधळू शकतो, कारण इथे "जरा मान वर करा" म्हणून भागत नाही. त्याने काढलेले कुत्र्यांचे फोटो मागवा आणि बघा: कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे का? सगळे फोटो माणसाच्या उंचीवरून खाली बघत काढलेले असतील, तर तो जमिनीवर बसणारा फोटोग्राफर नाही.

दुसरं म्हणजे प्रकाश. खिडकीच्या उजेडात काम होणार की फ्लॅशवर? कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की त्या थरामुळे डोळे हिरवट-पिवळे चमकतात. म्हणून फ्लॅश वापरायचाच तर तो बाजूला आणि छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या साधनातून हवा. स्टुडिओचे बरेच फ्लॅश पुन्हा चार्ज झाले की 'बीप' वाजवतात, कॅमेराही फोकस झाल्यावर 'बीप' करतो. हे दोन्ही आवाज बंद ठेवायला सांगा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरपर्यंतचे. आपल्या कानावरून सहज जाणारी बारीक शिट्टी त्याला टोचू शकते.

तुमच्याकडूनही काही माहिती द्यायची असते, आणि ती लपवू नका. कुत्रा अनोळखी पुरुषांना घाबरतो का, दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातो का, कधी कुणाला चावलाय का, पायाला किंवा कमरेला दुखणं आहे का. घरात फिरतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ पाठवला तर फोटोग्राफरला अर्धं काम तिथेच कळतं. कुत्रा काळा असेल तर तेही मुद्दाम सांगा. काळ्या केसांतला तपशील उठवायला मऊ आणि बाजूने येणारा प्रकाश लागतो, नाहीतर फोटोत दोन डोळे आणि एक काळा आकार एवढंच उरतं. मादी माजावर असण्याच्या दिवसांत तारीख घेऊ नका, विशेषतः बाहेर सेशन असेल तर. आजूबाजूचे नर तुम्हाला काम करू देणार नाहीत.

दोन-तीन आठवडे आधी: चटई, क्लिक आणि कागद

या काळात तीन गोष्टी शिकवायच्या. रोज पाच-पाच मिनिटं, दोनदा. जास्त नको.

चटई पहिली. एक ठरावीक बसकण घ्या, जुनी सतरंजी किंवा बाथमॅटही चालेल. कुत्रा त्यावर पाय ठेवेल तेव्हा खाऊ द्या, बसेल तेव्हा द्या, बसून राहील तेव्हा द्या. चार-पाच दिवसांत चटई अंथरली की तो आपणहून येऊन बसायला लागतो. मग 'थांब' वाढवायचं. आधी फक्त वेळ वाढवा, तुम्ही शेजारीच उभे. तो अर्धा मिनिट निवांत बसला की मग अंतर वाढवा, दोन पावलं, चार पावलं. सगळ्यात शेवटी व्यत्यय आणा: दार वाजलं, कुणी चालत गेलं, चेंडू घरंगळला. या तिन्ही गोष्टी एकदम वाढवल्या की कुत्रा उठतो आणि माणसं चिडतात. सेशनच्या दिवशी हीच चटई सोबत न्यायची. अनोळखी जागेत ती त्याची ओळखीची जागा असते, आणि फोटोग्राफरला ती चौकटीबाहेर किंवा कुत्र्याच्या अंगाखाली सहज लपवता येते.

दुसरा कॅमेरा. बरेच कुत्रे आवाजापेक्षा लेन्सला बिचकतात. कुत्र्यांच्या जगात रोखून बघणं ही धमकी असते, आणि समोरून सरकत येणारी मोठी काळी गोल काच त्यांना तशीच वाटते. घरी कॅमेरा असेल तर तो, नसेल तर मोबाइल, आधी नुसता जमिनीवर ठेवा. कुत्रा हुंगून गेला की खाऊ. मग हातात घ्या, खाऊ. चेहऱ्यासमोर धरा आणि लगेच खाली घ्या, खाऊ. नंतर क्लिक, खाऊ. क्रम महत्त्वाचा आहे: क्लिक आधी, खाऊ नंतर. उलट झालं तर कुत्र्याच्या डोक्यात क्लिकचा आणि खाऊचा संबंधच लागत नाही. आठवड्याभरात क्लिक झाला की तो मान वळवून तुमच्याकडे बघायला लागेल, आणि हीच नजर आपल्याला सेशनमध्ये हवी असते. मोबाइलचा फ्लॅश जवळून डोळ्यांत मारून सराव करू नका. फ्लॅशची सवय करायचीच असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून.

तिसरी गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही, ती कागदाची. स्टुडिओत मागे जी पांढरी किंवा रंगीत गुळगुळीत पार्श्वभूमी दिसते तो बहुतेकदा स्टँडवरून सोडलेला जाड कागदाचा रोल असतो, आणि तो जमिनीवर पुढेपर्यंत पसरलेला असतो. कुत्र्याचा पाय पडला की तो कडकड वाजतो. नखं घसरतात. एका सेशनमध्ये शेरू नावाचा गावठी कुत्रा, रस्त्यावर ट्रकला न घाबरणारा, त्या कागदाच्या कडेशी येऊन थांबला. एक पंजा पुढे टाकला, कागद वाजला, पंजा मागे घेतला. मग मान लांब करून कड हुंगली आणि मागचे पाय लांबच ठेवून पोट ताणून तसाच उभा राहिला. घरच्यांना वाटलं हट्टीपणा करतोय. तो फक्त पायाखालची जमीन तपासत होता. आम्ही काम थांबवलं, कागदाच्या कडेवर खाऊचे तुकडे पसरले, हळूहळू आत नेत गेलो. तो मधोमध जाऊन बसला तोवर ठरलेल्या वेळातला बराच वेळ गेला होता. स्टुडिओत सेशन असेल तर पार्सलचा खाकी कागद, जुनं कॅलेंडर, वॉलपेपरचा तुकडा, जे मिळेल ते घरी जमिनीवर चिकटपट्टीने पक्कं लावा आणि त्यावर खाऊ द्या. दोन-चार दिवसांत त्याला त्याचं काही वाटेनासं होतं.

अंघोळ, केस, नखं

केस कापायचे असतील तर आठ-दहा दिवस आधी, कारण ताजी कात्री मारलेली कड फोटोत दिसते आणि थोडी वाढ झाली की ती मऊ होते. हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांना दुहेरी केस असतात: वर लांब, आत लोकरीसारखे. त्यांना उन्हाळा आहे म्हणून सरसकट भादरू नका. वरचे केस ऊन अडवतात, आणि भादरल्यावर ते पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असं नाही. अशा कुत्र्यांना नीट विंचरणं हेच खरं ग्रूमिंग.

अंघोळ दोन-तीन दिवस आधी. आदल्या दिवशी घातली तर केस फुगतात, उडतात, आणि अंगचं तेल गेल्याने चमक कमी दिसते. शाम्पू कुत्र्यांचाच वापरा. माणसांची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्यांची त्यापेक्षा बरीच कमी आम्लधर्मी, म्हणून आपला शाम्पू त्यांना कोरडेपणा आणि खाज देतो. आणि सेशनमध्ये सतत खाजवणाऱ्या कुत्र्याचा एकही फोटो मिळत नाही. टाल्कम पावडर आणि अत्तर नकोच.

नखं तीन-चार दिवस आधी. आत रक्तवाहिनी असते, ती कापली गेली तर भळाभळा रक्त येतं आणि पुढचे दिवस तो पंजाला हात लावू देत नाही. सवय नसेल तर पशुवैद्यांकडून किंवा ग्रूमरकडून कापून घ्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातला चिकट मळ आणि हनुवटीवरची लाळ सेशनच्या आधी ओल्या कापसाने पुसायची असते. डोळ्यांखालचे तपकिरी डाग आदल्या रात्री घासून जात नाहीत, उलट कातडी लाल होते. ते फोटोग्राफर नंतर संगणकावर कमी करू शकतो.

गावठी कुत्र्यांना तर एवढंही लागत नाही. ओल्या टॉवेलने अंग पुसा, रबरी ब्रशने मेलेले केस काढा, झालं. या कुत्र्यांच्या डोळ्यांभोवतीची काळी कड काजळ घातल्यासारखी असते आणि उभे कान कुठल्याही चौकटीत उठून दिसतात. गावठी आहे म्हणून फोटो काढायला संकोचणारी माणसं भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं.

फेटा, कुर्ता, बो असं काही घालायचं असेल तर आठवडाभर आधी घरी घालून बघा. घातल्यावर तो पुतळ्यासारखा थिजत असेल तर त्याला ते आवडलेलं नाही, 'किती शहाण्यासारखा बसलाय' असं समजू नका. हनुवटीखाली घट्ट इलॅस्टिक नको. आणि गुलाल नको, कारण कुत्रा अंग चाटतो आणि रंग पोटात जातो.

खाऊ

सेशनमध्ये खाऊ हेच तुमचं चलन. रोजची बिस्किटं तिथे चालत नाहीत, कारण अनोळखी जागेत त्याला काहीतरी खास हवं असतं. उकडलेलं चिकन सगळ्यात भारी. शाकाहारी घरात पनीर, थोडं चीज, उकडलेला रताळ्याचा तुकडा. मीठ-मसाला नाही. चिकन उकडताना कांदा-लसूण घालू नका, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये असणारा झायलिटॉल तर फारच धोकादायक, तेव्हा पर्समधली पाकिटंही बाजूला ठेवा.

तुकडे वाटाण्याएवढे. मोठा तुकडा दिला की तो चघळत बसतो, तेवढ्यात फोटो निसटतो. कुरकुरीत खाऊही टाळा, चुरा हनुवटीला चिकटतो.

जागा आणि वेळ

आपल्याकडे बाहेरच्या सेशनला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी उन्हं वर येण्याआधी किंवा संध्याकाळी शेवटच्या तासात. मार्च ते मे दुपारचा विचारही नको. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तीही युक्ती नीट चालत नाही. पग, फ्रेंच बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हात थोडा वेळही जिवावर बेतू शकतो. डांबरावर किंवा फरशीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवता येत नसेल तर त्याला उभं करू नका. शिवाय उन्हात जीभ हातभर बाहेर येते आणि प्रत्येक फोटोत तीच दिसते.

पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश सुंदर, मऊ मिळतो, हिरवळही असते. पण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होऊ शकतो, तेव्हा त्याची लस झालीय ना बघा आणि घरी आल्यावर कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या शोधा. गणपतीच्या आधीचे आठवडे पुण्यात नदीपात्राजवळ संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तिथे सेशन ठेवू नका. दिवाळीचा आठवडा तर सगळीकडेच वर्ज्य, फटाक्यांनी हादरलेला कुत्रा नंतरही काही दिवस सावध असतो.

जागा नेहमीच्या फिरण्यातली असेल तर उत्तम. वेताळ टेकडीवर रोज जाणाऱ्या कुत्र्याला तिथले वास पाठ असतात, नव्या कुत्र्याला तिथला मोर दिसला की संपलंच. अनेक उद्यानांत कुत्र्यांना प्रवेश नसतो आणि बऱ्याच उद्यानांत, वारसास्थळांवर व्यावसायिक कॅमेऱ्याला परवानगी लागते. ती आधीच विचारून ठेवा. दारावरच्या हुज्जतीत कुत्र्याचाही ताण वाढतो.

मोकळ्या जागेत लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, काढायची नाही. तो कितीही ऐकणारा असला तरी नाही. बारीक, एकरंगी लीश मागच्या बाजूने सरळ धरली तर ती फोटोतून सहज पुसता येते, तेवढं आधी फोटोग्राफरशी बोलून घ्या. हार्नेसची, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याची, घडी केसांवर उमटते, तेव्हा फोटोआधी अर्धा तास तो काढून साधा पट्टा घाला.

त्या दिवशी

सकाळी नेहमीपेक्षा थोडं लांब फिरवा, पण दमवू नका. धावण्यापेक्षा हुंगू द्या. हुंगून कुत्रा शांत होतो. जेवण नेहमीच्या निम्मं, निघण्याच्या तीन तास आधी. गाडीत उलटी होणाऱ्या कुत्र्यांसाठी हे विशेष महत्त्वाचं, शिवाय थोडी भूक असली की खाऊला किंमत येते. शांत राहावा म्हणून मनाने कुठलीही गोळी देऊ नका. खरंच गरज वाटत असेल तर आधी पशुवैद्यांशी बोला.

पिशवीत खाऊ, पाणी आणि वाटी, चटई, आवडतं खेळणं, ब्रश, ओला आणि कोरडा टॉवेल, शी उचलायच्या पिशव्या, तुमच्या कपड्यांवरचे केस काढायला चिकट रोलर. खेळणं निळं किंवा पिवळं घ्या. कुत्र्यांना हे दोन रंग चांगले वेगळे दिसतात. लाल रंग त्यांना मळकट तपकिरी दिसतो, त्यामुळे हिरवळीवरचा लाल चेंडू त्यांना डोळ्यांपेक्षा नाकानेच शोधावा लागतो. तुम्हीही फोटोत असणार असाल तर काळ्या कुत्र्याबरोबर काळे कपडे नकोत, आणि किणकिणणाऱ्या बांगड्या घरी ठेवा.

वीस मिनिटं आधी पोचा. शू करून आत जा. लीशवरच त्याला सगळी खोली हुंगू द्या, स्टँडचे पाय, छत्र्या, कोपरे. फोटोग्राफरने या वेळात जमिनीवर बसावं, हात पुढे करू नये, डोळ्यांत बघू नये. कुत्रा स्वतः येऊन त्याच्या हाताला नाक लावेल तेव्हा ओळख झाली असं समजा.

मग एक नियम कडक पाळा: बोलणारा माणूस एकच. घरातले चौघं एकाच वेळी "इकडे बघ, इकडे बघ" ओरडायला लागले की कुत्रा एकदा आईकडे, एकदा मुलाकडे बघतो आणि शेवटी जांभई देऊन पडून राहतो. ज्याचं तो ऐकतो त्याने फोटोग्राफरच्या खांद्यामागे उभं राहायचं आणि खाऊ लेन्सच्या अगदी वर धरायचा. बाकीच्यांनी गप्प बसायचं, जमलं तर खोलीबाहेर.

मान तिरकी करून बघणारा फोटो सगळ्यांना हवा असतो. तो नव्या आवाजावर मिळतो: पिपाणीचं खेळणं, मांजराचा आवाज, मोबाइलवरची बेल. पण एक आवाज दोन-तीनदाच चालतो, मग कुत्र्याला त्याची गंमत उरत नाही. फोटोग्राफर पूर्ण तयार झाल्याशिवाय आवाज काढू नका. एलियट अर्विट हे नामवंत छायाचित्रकार कुत्र्यांचं लक्ष वेधायला हॉर्न वाजवायचे, स्वतः भुंकायचेही. मुधोळ किंवा कारवानसारख्या शिकारी कुत्र्यांना मात्र आवाजापेक्षा हालचाल खेचते. काठीला बांधलेली चिंधी लांबून जमिनीवरून ओढली की मान ताठ आणि नजर धारदार होते.

थांबायचं कधी

वारंवार ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, मान फिरवणं, शेपूट पायांत, अंग कोरडं असताना झटकणं, आवडता खाऊ नाकारणं. यातलं एखादं दिसलं तर पाच मिनिटं बाहेर न्या, पाणी द्या. एकदम दोन-तीन दिसली, किंवा तो गुरगुरला, तर काम तिथेच थांबवा. गुरगुरण्याबद्दल ओरडू नका, तो सांगतोय की त्याला पुरे झालं. बहुतेक कुत्रे वीस-पंचवीस मिनिटं मनापासून काम करतात, त्यापुढे मिळणारे फोटो फारसे कामाचे नसतात.

पिल्लाला लसींचा कोर्स पूर्ण झाल्याशिवाय बाहेर किंवा इतर कुत्रे येऊन जाणाऱ्या स्टुडिओत नेऊ नका, पार्व्हो या संसर्गजन्य आजाराचा धोका असतो. घरीच फोटो काढा, झोपून उठल्यावर.

म्हाताऱ्या कुत्र्यासाठी घर हीच जागा. त्याला सांध्यांचं दुखणं असतं, गुळगुळीत फरशीवर उठताना मागचे पाय पसरतात, तेव्हा जाड चटया अंथरा आणि "बस-ऊठ" सांगूच नका. त्याची उन्हाची जागा, दुपारी पडायचा कोपरा, तुमच्या पायाशी टेकलेलं डोकं, हेच काढायला सांगा. दिवसातल्या ज्या वेळी त्याला बरं वाटतं ती वेळ द्या, फोटोग्राफरच्या सोयीची नाही. पांढरं झालेलं तोंड संगणकावर काळं करून घेऊ नका. आणि दुखणं मोठं असेल तर तारीख पुढे ढकलू नका. 'थोडा सावरू दे, मग काढू' म्हणत राहिलेल्या घरांत नंतर एकही नीट फोटो नसतो, आणि त्यांची हळहळ मी ऐकली आहे.

फोटो निवडताना

निवडीसाठी फोटो येतात तेव्हा पहिल्यांदा डोळे स्पष्ट आलेत का ते मोठं करून बघा. नाक स्पष्ट आणि डोळे धूसर असले तर तो फोटो सोडून द्या. मग कान. तुमचा कुत्रा खूश असताना कान कसे ठेवतो हे फक्त तुम्हाला माहीत असतं, फोटोग्राफरला नाही, त्यामुळे इथे स्वतःचंच ऐका. एक कान दुमडलेला, जीभ तिरकी असा एखादा फोटोग्राफरने बाजूला टाकलेला फोटो तुम्हाला हाच आपला वाटला, तर तोच मागा. फाइल छपाईसाठी पूर्ण आकारात घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्यावर समाधान मानू नका, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवा.